००७ ही कोणाची वतनदारी?

जेम्स बॉण्ड या ब्रिटिश गुप्तहेराच्या पुढच्या चित्रपटाविषयी जगभर तर्कवितर्क चालले आहेत. २०२५ साली या चित्रपटमालिकेची सूत्रे ॲमेझॉन कंपनीच्या हाती गेली. दिग्दर्शनासाठी डेनिस विलनव्ह आणि लेखनासाठी स्टीव्हन नाईट यांची नावे जाहीर झाली. तेव्हापासून कथेविषयी कुणकुण लागली की चाहते तुटून पडतात. चळवळीच्या माणसाला या साहेबी हेराशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. देणेघेणे आहे. कारण पटकथा फुटते तेव्हा कथेबरोबर प्रेक्षकाच्या मनातली वर्णव्यवस्थाही बाहेर पडते.

नोव्हेंबर २०१४ मध्ये सोनी पिक्चर्स कंपनीच्या संगणकांवर हल्ला झाला. तेव्हा आगामी असलेल्या ‘स्पेक्टर’ या बॉण्डपटाच्या पटकथेचा खर्डा चोरीला गेला. त्याच वेळी कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकारी बाईंचा ई-मेलही उघड झाला. पुढचा बॉण्ड इद्रिस एल्बा असावा, असे त्यात म्हटले होते. एल्बा हा लंडनमध्ये जन्मलेला, नावाजलेला कृष्णवर्णीय नट. झाले! अमेरिकेतील रेडिओवक्ते रश लिम्बॉ यांनी बॉण्ड हा गोराच, असा निवाडा दिला. २०१५ मध्ये बॉण्डची नवी कादंबरी लिहिणारे अँथनी होरोविट्झ म्हणाले की प्रश्न रंगाचा नाही, पण एल्बा जरा ‘रस्त्यावरचा’ वाटतो. टीका झाल्यावर त्यांनी माफी मागितली. पण ही भाषा आपल्या ओळखीची आहे. ‘आम्ही जात मानत नाही, पण मुलगा वस्तीतला वाटतो’ हे वाक्य आपल्यापैकी कितीजणांनी मुलाखतीच्या दाराबाहेर ऐकले असेल!

पुढे जुलै २०१९ मध्ये ‘नो टाइम टू डाय’ची कथा फुटली. बॉण्डने नोकरी सोडली आहे आणि ००७ हा क्रमांक एका कृष्णवर्णीय स्त्रीला मिळाला आहे, अशी ती बातमी होती. लशाना लिंच ही अभिनेत्री ती भूमिका करत होती. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ती बॉण्ड होणार नव्हती. बॉण्डने रिकामी केलेली खात्यातली एक जागा तेवढी तिला मिळाली होती. तरीही तिच्यावर शिव्याशापांचा असा वर्षाव झाला की तिला काही काळ समाजमाध्यमांपासून दूर राहावे लागले. २०२१ मध्ये चित्रपट आला. त्यात अखेरच्या मोहिमेआधी तीच आपल्या वरिष्ठांकडे परवानगी मागते, की हा क्रमांक पुन्हा बॉण्डला द्यावा. दिलेले पद परत घेतले, तेही तिच्याच तोंडून!

चाहते म्हणतात, मूळ लेखक इयान फ्लेमिंग यांनी बॉण्ड गोरा लिहिला, आम्ही पुस्तकाशी प्रामाणिक आहोत. मग ही निष्ठा बाकी वेळी कुठे जाते? पुस्तकातला बॉण्ड काळ्या केसांचा. २००५ मध्ये सोनेरी केसांच्या डॅनियल क्रेगची निवड झाली तेव्हा थोडी ओरड झाली, चित्रपट चालला आणि ती विरली. जॉर्ज लॅझेनबी तर ऑस्ट्रेलियन होता. १९९५ पासून बॉण्डची वरिष्ठ ‘एम’ बाई झाली. २००६ मध्ये त्याचा अमेरिकन मित्र फेलिक्स लायटर आणि २०१२ मध्ये मनीपेनी कृष्णवर्णीय झाले. २०२३ मध्ये तर फ्लेमिंग यांच्या कुटुंबाच्याच प्रकाशनसंस्थेने पुस्तकांतले कृष्णवर्णीयांविषयीचे अपमानकारक शब्द बदलले. सगळे बदलता येते. मधली खुर्ची तेवढी वतनाची!

हेच वतन आपल्याकडेही पाहा. १९८३ च्या ‘ऑक्टोपसी’साठी बॉण्ड उदयपूरला आला, तेव्हा विजय अमृतराज यांना मरणाऱ्या मदतनिसाची आणि कबीर बेदी यांना खलनायकाच्या चाकराची भूमिका मिळाली. आपण टाळ्या वाजवल्या. आता आपले स्वतःचे हेर आहेत. ‘एक था टायगर’चा नायक राठोड, ‘वॉर’चा नायक धालीवाल. १९४१ पासून महार रेजिमेंट या देशासाठी लढते आहे. पण देशाला वाचवणारा कांबळे किंवा वाल्मीकी नावाचा हेर मोठ्या पडद्यावर पाहिल्याचे कोणाला आठवते काय?

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य दाखवले होते. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. त्या नात्याने एल्बा आणि लिंच यांचा अपमान हा आपलाही प्रश्न आहे.

बॉण्ड हा शेवटी साम्राज्याचा चाकर. त्या जागी काळा नट बसला म्हणून साम्राज्य न्यायी ठरत नाही, हे आपण जाणतो. पण नायक जन्माने ठरतो की कर्तृत्वाने, हा प्रश्न चवदार तळ्याइतकाच आपला आहे. आपल्या वस्त्यांतून आज लेखणी आणि कॅमेरा हाती घेतलेली मुलेमुली निघत आहेत. दुसऱ्यांच्या पटकथेत आपल्याला कोणती जागा मिळते, याची वाट त्यांनी पाहू नये. आपला नायक आपणच लिहावा, आणि त्याचे आडनाव लपवू नये.