'ज्याची त्याची आवड' नावाची पळवाट : जहाजावरच्या पावाच्या निमित्ताने

प्रवासी जहाजांवरच्या खाण्यापिण्याविषयी जे काही लिहिले-बोलले जाते, त्यात पावाची तक्रार हमखास असते. जर्मन प्रवाशाला न्याहारीच्या टेबलावरचा पाव कापसासारखा वाटतो. अमेरिकन प्रवासी त्याच पावाला दुसऱ्यांदा हात घालतो. इंग्रजाला वरची साल इतकी कडक कशासाठी हे कळत नाही. आणि सकाळी भाजलेला बागेत रात्रीच्या जेवणाला समोर आला की फ्रेंच माणसाचा चेहरा पडतो. मग एखादा समजूतदार गृहस्थ मध्ये पडतो आणि म्हणतो, 'अहो, ज्याची त्याची आवड. यात वाद कसला?' सर्वांना हायसे वाटते आणि विषय मिटतो. आमचे म्हणणे असे की विषय मिटवणारे हे वाक्यच मुळात तपासायला हवे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि अध्यापकांपुढे पावाची ही कैफियत कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. उत्तर सोपे आहे. हेच वाक्य आम्ही चर्चासत्रांत ऐकतो, प्राध्यापकांच्या खोलीत ऐकतो, आणि 'आस्वादक समीक्षा' या भारदस्त नावाखाली छापूनही वाचतो. 'मला भावले', 'मला नाही भावले', आणि पुढे पूर्णविराम. पावाबाबत हा आळस निरुपद्रवी वाटतो, म्हणूनच तो तेथे उघडा पाडणे सोयीचे आहे.

या पळवाटेला आपल्याकडे कालिदासाचा दाखला देण्याची पद्धत आहे. 'रघुवंशा'च्या सहाव्या सर्गात इंदुमतीच्या स्वयंवरप्रसंगी लोकांच्या रुची भिन्न असतात असे वचन येते, आणि ते सुट्या नाण्यासारखे कोठेही चालवले जाते. पण ते वचन कोठे येते हे किती जण पाहतात? इंदुमती अंगराजावरून नजर काढून पुढे निघते, आणि कवी आधी दोन गोष्टींचा निर्वाळा देतो : तो राजा स्पृहणीय नव्हता असे नाही, आणि तिला नीट पारखता येत नव्हते असेही नाही. एवढे झाल्यावर मग रुचिभेदाचे वचन येते. म्हणजे वस्तू चांगली आहे आणि पारखणारी व्यक्ती जाणती आहे, या दोन अटी पुऱ्या झाल्यावरच रुचिभेदाचा हवाला देण्याचा अधिकार मिळतो. आपण अटी गाळल्या आणि सवलत तेवढी ठेवली.

कालिदासाच्या अटी लावून जहाजावरचा पाव पाहिला, तर ज्याला सरसकट 'आवड' म्हटले जाते त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या दिसतात.

पहिली गोष्ट खऱ्या रुचिभेदाची. जर्मनांचा न्याहारीचा छोटा पाव, ब्रोटशेन, बोटांखाली कडकडला पाहिजे. तो फोडून त्यावर लोणी लावायचे असते. बर्लिनमध्ये त्याला श्रिपे म्हणतात, बव्हेरियात झेमेल, हॅम्बुर्गात रुंडश्टुक. अमेरिकेतला पार्कर हाउस रोल एकोणिसाव्या शतकात बॉस्टनच्या एका हॉटेलात रूढ झाला. दूध-लोणी घातलेल्या पिठाची ती घडी मऊच असायला हवी, आणि तिच्यात कडक साल शोधणारा माणूस अभंगात गझलेचा काफिया शोधत असतो. इंग्लंडात एकाच गोल पावाला गावोगाव बॅप, कॉब, बार्म अशी नावे आहेत आणि त्या नावांवरून लोक हिरिरीने भांडतात. फ्रान्सने 1993 मध्ये वटहुकूम काढून पारंपरिक फ्रेंच पाव कशाला म्हणावे हे ठरवले : त्यात गोठवण हवी नाही, मिश्रके नाहीत. 2022 मध्ये बागेत बनवण्याचे कसब युनेस्कोच्या यादीत गेले. या साऱ्या परंपरांना आपापले निकष आहेत. ब्रोटशेन श्रेष्ठ की पार्कर हाउस, हा प्रश्न निरर्थक आहे. पण समोरचे ब्रोटशेन चांगले आहे की नाही, हा प्रश्न निरर्थक नाही. वाङ्मयप्रकाराचा विचार करणाऱ्या कोणालाही हा फरक नवा वाटू नये.

दुसरी गोष्ट दोषाची. भट्टीतून निघालेल्या पावाच्या आतला ओलावा हळूहळू सालीकडे सरकतो, आणि समुद्रावरच्या दमट हवेत ती साल आणखी लवकर सादळते. पाव शिळा होतो तो केवळ वाळल्यामुळे नव्हे. भाजताना फुललेला स्टार्च थंड झाल्यावर पुन्हा स्फटिकरूप धरू लागतो, आणि शीतकपाटात ही क्रिया अधिक वेगाने होते. जहाजावरचे पाणी बहुधा समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून केलेले असते. खनिजे कमी असलेल्या पाण्यात पीठ सैल आणि चिकट होते, तेव्हा भटारखान्यातल्या माणसाला मिठाचा, पाण्याचा, मळण्याच्या वेळेचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. तो जमला तर पाव साधतो, नाही जमला तर बिघडतो. सादळलेली साल ही कोणाची 'आवड' नसते. ती चूक असते, तिला कारण असते, आणि कारण सापडले तर ती दुरुस्त करता येते. जो प्रवासी 'साल सादळली आहे' असे म्हणतो, तो आपली आवड सांगत नाही. तो वस्तूविषयी काही खरे सांगतो.

डेव्हिड ह्यूमने 1757 च्या आपल्या निबंधात 'डॉन किहोते'मधल्या सँचो पान्झाच्या दोन आप्तांची गोष्ट घेतली आहे. पिंपातल्या द्राक्षासवाला एकाला चामड्याची चव लागली, दुसऱ्याला लोखंडाची. लोक दोघांना हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली निघाली. दोघांचे मत भिन्न होते आणि दोघेही बरोबर होते, कारण किल्ली खरोखरच पिंपात होती. मतभेद आहे म्हणून सत्य नाही असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट जपून ठेवावी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि आमचा राग खरा तिच्याविषयी आहे. ती म्हणजे वंचनेला आवड म्हणण्याची सवय. शिडाच्या जहाजांच्या काळात खलाशी जे खात असे त्याला पाव म्हणत, पण ते होते दगडासारखे कडक बिस्किट. सॅम्युअल पीप्सच्या वेळी, 1677 मध्ये, इंग्रजी आरमाराने ठरवलेल्या शिध्यात माणशी रोज एक पौंड बिस्किट होते. खलाशाला कडक बिस्किटाची रुची होती, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? त्याला दुसरे काही मिळतच नव्हते.

आता याच्या शेजारी 14 एप्रिल 1912 ची 'टायटॅनिक'वरची तिसऱ्या वर्गाची भोजनपत्रिका ठेवा. न्याहारीला ताजा पाव आणि लोणी आहे, मार्मालेड आहे, आणि एका ओळीत 'स्वीडिश ब्रेड' आहे. तिसऱ्या वर्गात अमेरिकेला निघालेले स्कँडिनेव्हियन स्थलांतरित बरेच होते. कोणी तरी त्यांच्या जिभेचा विचार करून ती ओळ लिहिली. दुपारच्या जेवणात ताज्या पावाशेजारी 'केबिन बिस्किटे'ही आहेतच. एकाच कागदावर जुनी वंचना, नवी सोय आणि खरा रुचिभेद असे तिन्ही नांदताना दिसतात, आणि वाचणाऱ्याला ते वेगवेगळे ओळखता यायला हवेत. त्याच रात्री मुख्य बेकर चार्ल्स जॉकिनने आपल्या हाताखालच्या माणसांना प्रत्येकी चार पाव देऊन होड्यांकडे धाडले, हे त्याने पुढे चौकशीत सांगितले. त्या पावांच्या प्रकाराची नोंद कोणी ठेवली नाही, आणि त्या घटकेला ती कोणाला हवीही नसेल.

आपल्या मुलखाचा या कथेशी संबंध आहे. पाव हा शब्दच पोर्तुगीजांकडून आला, आणि ब्रिटिश आगबोट कंपन्यांच्या भटारखान्यांत व जेवणघरांत पिढ्यान्पिढ्या गोमंतकीय माणसे राबली. मुंबईत गावोगावच्या 'कूडां'मध्ये राहून ती बोटीवरच्या नोकरीची वाट पाहत. ज्याच्या गावात पोदेर पोळी, उंडो, काकण, कातरे पाव असे प्रकार दारोदार घेऊन येई, तो माणूस समुद्रावर साहेबाच्या रुचीचा पाव वाढत होता. पावाच्या जाणकारीत तो टेबलावर बसलेल्यांहून कमी नव्हता. त्याचे मत मात्र कोणी विचारत नव्हते. इकडे पुण्यात 1890 मध्ये पंच हौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून ग्रामण्य माजले आणि प्रतिष्ठितांना प्रायश्चित्ते घ्यावी लागली. त्या काळी बिस्किट रुचकर आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. ते कोणाच्या हातचे, हा प्रश्न होता. आज ज्याला आपण सहज 'आमची आवड' म्हणतो, तिच्या पोटात अशा किती बंद्या आणि किती मुभा दडल्या असतील याचा अंदाज यावरून करावा.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. पिएर बोर्द्यूने 1979 मध्ये दाखवून दिले की अभिरुची ही वर्गाची खूण असते; वरच्यांची रुची 'उच्च' ठरते आणि खालच्यांची 'हीन'. मग निकषांची भाषा करणे म्हणजे त्याच दंडेलीला हातभार लावणे नव्हे काय? आम्हाला बोर्द्यू मान्य आहे. त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मान्य नाही. रुची घडवली जाते हे खरे असेल, तर ती कोणी, कशाने आणि काय नाकारून घडवली हे विचारणे अधिकच भाग पडते. 'ज्याची त्याची आवड' हे वाक्य नेमकी तीच चौकशी बंद करते. ते वरकरणी समतेचे आहे. प्रत्यक्षात ते ज्याच्या ताटात जे पडले तेच त्याच्या नावावर चढवते.

बहुराष्ट्रीय प्रवाशांच्या बुफेवर एक पांढरा, मऊ, किंचित गोडसर पाव अनेकदा दिसतो. तो कोणाला बोचत नाही, आणि त्याची आठवणही कोणाला राहत नाही. आमच्या पाठ्यपुस्तकांतले कित्येक उतारे याच पिठाचे आहेत. आणि मग आम्ही अध्यापकच म्हणतो, 'काय करणार, विद्यार्थ्यांची रुचीच तशी.' कोणत्या विद्यार्थ्याची? ज्याला तीन वर्षांत मूळ कादंबरी हातात न देता गाइड आणि 'अपेक्षित' दिले, त्याची? ज्याच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातले कपाट कुलूपबंद असते, त्याची? त्याने मर्ढेकर नाकारले असे म्हणायला आधी ते त्याच्यापुढे ठेवावे लागतात, नीट वाचून दाखवावे लागतात, आणि त्याने हरकत घेतली तर ती ऐकून घ्यावी लागते. त्यानंतरही तो अंगराजावरून नजर काढून पुढे गेला, तर आम्ही कालिदासाचे वचन आनंदाने उच्चारू.

तोवर ते वचन वापरण्याचा अधिकार आपल्याला नाही. येत्या सत्रात कोणी वर्गात 'मला भावले नाही' असे म्हणाले, तर अध्यापकाने मान डोलावून पुढच्या कवितेकडे वळू नये. साल सादळली होती, की पावाचा प्रकारच वेगळा होता, की असा पाव आजवर खाल्लाच नव्हता, एवढे तरी त्या विद्यार्थ्याला विचारावे. आणि हाच प्रश्न आधी स्वतःला विचारावा.