दोष सर्कलचा नव्हे

मा. संपादक,

‘चौकातली सर्कल हटवा, सिग्नल बसवा’ हा लेख वाचला. सर्कलमुळे कोंडी होते, हे अर्धसत्य. ब्रिटनमध्येही ती व्हायची. १९६६ मध्ये आत फिरणाऱ्या वाहनाला आधी वाट देण्याचा नियम तिथे लागू झाला आणि गाठ सुटली. आपल्याकडे नेमके उलटे: शिरणारा हॉर्न वाजवत घुसतो, फिरणारा मुकाट थांबतो. वर कडेला रिक्षा उभ्या! आणि सिग्नल बसवला, तरी तो तोडणारा भरधाव येऊन काटकोनात धडकतो. सर्कलला मात्र वळावेच लागते, म्हणून वेग उतरतो. पादचाऱ्यांना सर्कल ओलांडणे अवघड, हे मान्य. पण लेखकाने तो मुद्दा काढलेलाच नाही. सर्कल उखडण्याआधी तोंडाशी ‘वाट द्या’ची रेघ तरी मारून पाहा.

– एक दुचाकीस्वार, पुणे