‘गुन्हे मागे घेतले’ म्हणजे नेमकं काय?

काही महिन्यांपूर्वी सकाळी सकाळी दारात एक अनोळखी बाई उभ्या. माझ्या लातूरच्या नणंदेच्या शेजारच्या. पहिल्या एसटीने नांदेडला आलेल्या. हातातल्या पिशवीत मुलाच्या मार्कशीट, पासपोर्टच्या अर्जाची पावती आणि शैक्षणिक कर्जाचे कागद. पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधीच म्हणाल्या, “ताई, पासपोर्टच्या चौकशीत पोलीस म्हणायलेत की पोरावर केस हाय. सरकारनं तर केसा मागं घेतल्या की! मी स्वतः टीव्हीवर ऐकलंय.”

मुलगा इंजिनिअर झालेला, पुढच्या शिक्षणाला अमेरिकेला जायची धडपड चाललेली. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीला लाठीमार झाला आणि त्यानंतर मराठवाडाभर रास्ता रोको झाले, ते आपल्याला आठवतच असेल. त्यातल्याच एका रास्ता रोकोत हा मित्रांबरोबर जाऊन बसला होता. रस्ता अडवल्याचा गुन्हा नोंदला गेला, यादीत त्याचंही नाव आलं. घरात सगळे विसरून गेले. कागद मात्र विसरला नाही.

मैत्रिणींनो, आंदोलन कोणाचं, मागणी बरोबर की चूक, हा आजचा विषय नाही. आरक्षण असो, पीकविमा असो की पाणी, रस्त्यावर बसणारी लेकरं आपलीच असतात. मला बोलायचंय ते सरकारच्या उत्तराबद्दल.

२ सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईत आझाद मैदानावर मनोज जरांगे यांचं उपोषण सुटलं. तेव्हा सरकारने जी आश्वासनं दिली, त्यात आंदोलकांवरचे गुन्हे मागे घेण्याचंही होतं. बाईंनी टीव्हीवर ऐकलं ते हेच. पण ‘मागे घेऊ’ आणि ‘मागे घेतले’ यात किती अंतर आहे, ते टीव्हीवर कोणी सांगत नाही.

विधिमंडळातल्या प्रश्नोत्तरांची छापील यादी कधी पाहिलीत? फार शिकण्यासारखी असते. आमदार विचारतात, ‘हे खरे आहे काय?’ खाली उत्तर असतं, ‘होय’, नाहीतर ‘हे अंशतः खरे आहे’, आणि शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही’. सरकारचं काम तिथं संपतं. आपल्या घरातला प्रश्न खरा तिथूनच उद्भवतो!

गुन्हा मागे घेण्याची रीत अशी आहे. आंदोलनातले गुन्हे मागे घेण्याबाबत राज्यात वेळोवेळी शासन निर्णय निघाले. त्यात साधारण अटी असतात, की जीवितहानी झालेली नसावी आणि मालमत्तेचं नुकसान ठरावीक रकमेच्या वर गेलेलं नसावं. समिती एकेक प्रकरण तपासते. दोषारोपपत्र कोर्टात गेलेलं असेल, तर सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज करावा लागतो आणि कोर्टाने संमती द्यावी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३२१ होतं, १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ३६० आहे. म्हणजे मंत्र्यांनी सांगून गुन्हा पुसला जात नाही. कोर्टाचा आदेश हातात आला, की खरा मागे घेतला.

आम्ही चौकशी केली. या मुलाचं दोषारोपपत्र कोर्टात दाखल झालेलं, मागे घेण्याचा अर्ज काही गेलेला नाही. त्याहून वाईट म्हणजे पासपोर्टचा अर्ज भरणाऱ्या एजंटाने ‘फौजदारी प्रकरण प्रलंबित आहे का?’ या रकान्यात न विचारताच ‘नाही’ लिहून टाकलेलं. वर म्हणाला, “एवढं कोण बघतंय? व्हिसाच्या फॉर्मवर पण नाहीच लिहा.”

मी चिडलेच. कारण हे ‘नाही’ त्या रास्ता रोकोपेक्षा महाग पडू शकतं. पासपोर्टसाठी खोटी माहिती देणं हा पासपोर्ट कायद्याने गुन्हाच आहे. आणि अमेरिकेच्या व्हिसासाठी जाणूनबुजून महत्त्वाची गोष्ट लपवली असं ठरलं, तर जन्मभर तिथलं दार बंद होऊ शकतं. तिथल्या अर्जात सरळ विचारतात, की तुम्हाला कधी अटक वा शिक्षा झाली होती का, मग पुढे माफी मिळालेली असली तरी सांगा. कॅनडा तर आरोप ठेवला गेला होता का, हेही विचारतो. इथं गुन्हा मागे घेतला तरी तिथं प्रश्न शिल्लक राहतो, तो असा.

आपल्याला वाटतं, एवढ्या तेवढ्यावरून कोणी शिकणाऱ्या पोराला अडवेल का? एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत काय झालं ते बघा. तिथल्या सरकारने पोलिसांच्या नोंदींशी नावं जुळवली आणि चार हजारांहून अधिक परदेशी विद्यार्थ्यांची नोंद विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतून काढून टाकली. कोणाचा गाडी वेगात चालवल्याचा दंड, कोणावरचा आरोप कधीच रद्द झालेला. तिथल्या वकिलांच्या एका संघटनेने अशी ३२७ प्रकरणं गोळा केली, त्यात निम्मी मुलं भारतीय होती. कित्येकांना धड कारणही सांगितलं नव्हतं. मुलं कोर्टात गेली, न्यायाधीशांनी सरकारला जाब विचारला आणि २५ एप्रिलला सरकारी वकिलांनी नोंदी पूर्ववत करत असल्याचं सांगितलं. कोर्टात गेल्याशिवाय मात्र उत्तर मिळालं नव्हतं.

व्हिसाचं तर आणखी अवघड. अमेरिकेने विद्यार्थी व्हिसा नाकारला तर अपील नाही. नव्याने अर्ज, नव्याने फी. ब्रिटनमध्ये निर्णयाचा फेरआढावा मागता येतो, पण तोही त्यांच्याच खात्याकडे. परक्या सरकारला आपण खडसावू शकत नाही. आपल्या सरकारला मात्र विचारू शकतो, आणि इथं कायदा आपल्या बाजूने बराच आहे.

पासपोर्ट नाकारला तर त्याची कारणं लेखी मागता येतात आणि वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. नुसता पोलिसांत गुन्हा नोंदला म्हणजे पासपोर्ट बंद, असं नाही. अडचण येते ती प्रकरण कोर्टात उभं राहिल्यावर. तेव्हाही २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे कोर्टाची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळू शकतो. हे त्या बाईंना ना एजंटाने सांगितलं होतं, ना आंदोलनाला नेणाऱ्या पुढाऱ्याने.

म्हणून घरात तरुण मुलं असतील त्यांनी एवढं कराच. मुलाचं नाव कुठल्या गुन्ह्यात आहे असं कानावर आलं तर एफआयआरची प्रत मिळवा. संवेदनशील गुन्हे सोडले तर ती पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायची असते. अटक झाली होती की नुसती हजर राहण्याची नोटीस आली होती, ते पक्कं माहीत करून घ्या. नोटीस म्हणजे अटक नव्हे, आणि परदेशी फॉर्मवर हा फरक फार मोठा असतो. गुन्हा मागे घेण्याच्या यादीत नाव आहे का, ते दहा रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जाने विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कोर्टाच्या आदेशाची सही-शिक्क्याची प्रत घ्या आणि लग्नाच्या अल्बमसारखी जपून ठेवा. आणि फॉर्म कोणीही भरो, सही करण्याआधी मुलाने स्वतः वाचायलाच हवा.

आमच्या त्या मुलाने पासपोर्ट कार्यालयाला खरं काय ते लिहून कळवलं, चूक कशी झाली तेही लिहिलं. वकील गाठून कोर्टात परवानगीचा अर्ज केला. तीन तारखा झाल्या, परवानगी मिळाली. पासपोर्ट उशिरा का होईना, आला. तोवर त्या वर्षीच्या प्रवेशाची मुदत मात्र टळून गेली होती. एका दुपारच्या रास्ता रोकोची किंमत, एक वर्ष.

परवा त्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, “ताई, आमच्या गल्लीतल्या अजून चार पोरांची नावं हायेत त्या यादीत. त्यांच्या आयांना घेऊन परत पोलीस स्टेशनला जायलेय. तोंडी नको, लिहून द्या म्हणणार हाय.”

सभेत टाळ्या घेऊन गुन्हे मागे घेण्याचा शब्द देणारे पुढारी, सगळ्याच पक्षांचे, एकदा या आयांसमोर यादी घेऊन बसतील का? हा प्रश्न मात्र उद्भवतो.