भरतीला धावणाऱ्या पोरांचे रक्त तपासा

भंडारा-तुमसर रस्त्याने पहाटे मोहाडीकडे निघालात तर आपली पोरे धावताना दिसतील. कुणाला पोलिसात जायचे आहे, कुणाला अग्निवीर व्हायचे आहे. १६०० मीटर किती मिनिटांत काढतोस, हा एकच प्रश्न ती एकमेकांना विचारतात. तुझी सिकलसेलची तपासणी झाली का, हे कुणी विचारत नाही. भरतीची फी घेणारा मास्तरही विचारत नाही.

सैन्य ही आपल्यासाठी नुसती नोकरी नव्हती. सुभेदार रामजींच्या पिढीला तिथे शिक्षण मिळाले, मान मिळाला. पुढे इंग्रजांनी आपली भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केले. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. एवढ्या कष्टाने उघडलेल्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच आपला मुलगा धावताना कोसळावा काय?

विदर्भातील बौद्ध आणि आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्येच त्यावर लिहिले होते. ज्याला आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच हा दोष मिळतो तो वाहक. तो रुग्ण नसतो. शेतात राबतो, कबड्डी खेळतो, त्याला काही होत नाही. पण उन्हात, कमी पाण्यावर, सवय नसताना जीव तोडून धावला तर त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात. स्नायूंना रक्त कमी पडते, स्नायू झिजतात आणि त्यातून सुटलेले द्रव्य मूत्रपिंड निकामी करू शकते.

अमेरिकेत १९७७ ते १९८१ या काळातील सैन्यभरतीचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षणात अचानक मरण येण्याचा धोका कृष्णवर्णीय वाहकांमध्ये इतर कृष्णवर्णीयांपेक्षा सुमारे २८ पट निघाला. त्यानंतर तिथल्या लष्कराने सर्वच सैनिकांसाठी पाणी, विश्रांती आणि उन्हाचे नियम कडक केले. २०१६ साली सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास झाला, तेव्हा वाहकांमध्ये मृत्यूचा धोका वाढलेला आढळला नाही. स्नायू झिजण्याचा धोका मात्र ५४ टक्क्यांनी जास्त होता. त्याच अभ्यासात तंबाखू वापरणाऱ्यांचा धोकाही जवळपास तेवढाच वाढलेला होता, आणि लठ्ठपणाही धोक्याच्या यादीत होता. धावून आल्यावर टपरीवर खर्रा घोटून घेणाऱ्या आमच्या पोरांनी हा आकडा लक्षात ठेवावा. रक्त बदलता येत नाही, खर्रा सोडता येतो.

काही जण म्हणतील, तपासणी झाली की आमच्या मुलांना भरतीतूनच बाद करतील. ही भीती खोटी नाही. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीने वाहक असलेल्या कृष्णवर्णीय तरुणांना दार बंदच केले होते. ते कोर्टात गेले आणि १९८१ साली अकादमीला ती बंदी उठवावी लागली. म्हणून मागणी नेमकी हवी. तपासणी भरतीच्या आधी गावात व्हावी आणि अहवाल मुलाच्या हातात पडावा. तो बाद करण्यासाठी नव्हे, तर सराव कसा करावा हे ठरवण्यासाठी आहे.

२०२३ च्या जुलैत केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करायची आहे. मोहाडी तालुक्यातील आरोग्य केंद्रांकडे आपण ती मागितली पाहिजे. रविवारच्या वंदनेनंतर विहारातच शिबिर ठेवता येईल.

तोवर धावणाऱ्यांनी एवढे करावे. अंतर आणि वेग आठवड्या-आठवड्याने वाढवावा, पहिल्याच दिवशी घड्याळ लावू नये. ताप, जुलाब असताना धावू नये. पाय एकाएकी लुळे पडले, दम कोंडला तर तिथेच थांबावे, मास्तर कितीही ओरडला तरी. आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर घरी झोपून राहू नये. त्याच दिवशी भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरला आपण वाहक असल्याचे आधी सांगावे.