घाटकोपरचें विमान आणि बीड रस्त्याचा धडा

विमान पडून माणसें मेलीं म्हणजे आपल्या देशांत दोन वाक्यें जणूं आगाऊ जुळवून ठेवलेलीं असतात. पहिलें, ‘चौकशीचा हुकूम सुटला आहे’. आणि दुसरें, ‘वैमानिकाची चूक झाली असावी’. पहिल्यानें लोकांचा क्षोभ शमतो व दुसऱ्यानें चौकशीची दिशा ठरते. मृत वैमानिक साक्षीस उभा राहूं शकत नाहीं, वकील देऊं शकत नाहीं आणि अपीलही करूं शकत नाहीं; यामुळें सर्व पक्षकारांत तोच सर्वांत सोयीचा आरोपी ठरतो. त्याची चूक कधींच नसते असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या परिस्थितींत ती चूक घडली ती परिस्थिति कोणीं निर्माण केली, येथवर जी चौकशी पोंचत नाहीं ती अर्धीच चौकशी होय, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ता. २८ जून २०१८ रोजीं दुपारीं मुंबईंत घाटकोपर येथें पडलेलें लहान विमान घ्या. दोन एंजिनांचें हें ‘किंग एअर सी-९०’ जातीचें विमान पूर्वीं उत्तर प्रदेश सरकारच्या मालकीचें होतें. पुढें तें मुंबईच्या एका खासगी कंपनीकडे आलें. दुरुस्तीनंतर चांचणीसाठीं तें जुहूच्या विमानतळावरून उडालें आणि बांधकाम चालू असलेल्या एका जागेवर कोसळलें. दोन वैमानिक, दोन देखभाल-अभियंते आणि रस्त्यानें जाणारा एक पादचारी, असे पांच जीव गेले. दिवस पावसाळ्याचे होते आणि खालीं दाट वस्ती होती. बांधकामावरील मजूर जेवणासाठीं बाजूस गेले होते, म्हणूनच मृतांची संख्या पांचावर थांबली, असें त्या वेळच्या वृत्तांत आलें होतें.

या प्रकरणांत कोणताही नवशिका वकील जे प्रश्न विचारील ते असे: हें विमान उडण्यास योग्य आहे असा दाखला कोणीं व कोणत्या तपासणीनंतर दिला? चांचणीचें उड्डाण त्याच दिवशीं व्हावें अशी निकड कोणास होती? हवामान वाईट असल्यामुळें उड्डाण होणार नाहीं अशी अपेक्षा होती, असें मृतांच्या आप्तांनीं वृत्तपत्रांस सांगितलें; मग तें झालें कोणाच्या शब्दानें? आणि दुरुस्तीहून नुकतेंच निघालेलें विमान लाखों लोकांच्या डोक्यावरून नेण्यास परवानगी देणारा नियम कोणता? यांपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर वैमानिकाच्या आसनाजवळ सांपडणारें नाहीं. तें कंपनीच्या दप्तरांत, दुरुस्तीच्या कारखान्यांत आणि सरकारी परवान्यांच्या कपाटांत आहे.

लहान खासगी विमानाच्या बाबतींत हे प्रश्न अधिक निकडीचे होतात. मोठ्या प्रवासी कंपनीच्या वैमानिकामागें संघटना असते व त्याच्या प्रत्येक फेरीची नोंद राहते. खासगी विमानाचा वैमानिक मात्र मालकाच्या किंवा गिऱ्हाइकाच्या समोर एकटाच उभा असतो, आणि ‘आज उडतां येणार नाहीं’ हे चार शब्द त्याच्या नोकरीवर बेतूं शकतात. शिवाय उड्डाणाची बारीकसारीक माहिती टिपणाऱ्या यंत्राची जी सक्ती मोठ्या विमानांस आहे ती सुमारें ५,७०० किलो वजनाच्या आंतील विमानांस सामान्यतः नसते. म्हणजे जेथें देखरेख कमी, तेथेंच पुरावाही कमी.

चौकशी मनापासून केली म्हणजे काय हातीं लागतें, याचें उदाहरण आमच्या जिल्ह्याच्या नांवाशींच जोडलेलें आहे. ता. २६ एप्रिल १९९३ रोजीं छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हांचें औरंगाबाद, येथून इंडियन एअरलाइन्सचें बोइंग विमान ११८ माणसें घेऊन निघालें. धांवपट्टीच्या टोंकाशीं असलेल्या बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठींनीं भरलेली एक लॉरी चालली होती. विमान तिच्यावर आदळलें, पुढें विजेच्या तारांस लागून पडलें आणि ५५ जण मृत्युमुखीं पडले. वैमानिकांनीं विमान उशिरां व चुकीच्या रीतीनें उचललें, हें चौकशींत ठरलेंच. परंतु चौकशी तेथें थांबली नाहीं. विमानांच्या वेळीं बीड रस्त्यावरील रहदारी रोखण्यांत विमानतळ प्राधिकरण चुकलें, हेंही तिनें कारण म्हणून नमूद केलें. या दुसऱ्या वाक्याचें मोल फार आहे. पहिल्या वाक्यानें केवळ दोन माणसांचा दोष सांगितला. दुसऱ्यानें उद्यां काय सुधारावयाचें तें सांगितलें.

जबाबदारीची जाणीव वरच्या आसनावरही असूं शकते, हेंही त्याच वर्षीं दिसलें. जानेवारी १९९३ मध्यें दिल्लीस भाड्यानें घेतलेलें एक टुपोलेव्ह विमान उतरतांना मोडलें. कोणी दगावलें नाहीं. तरीही विमानवाहतूक मंत्री माधवराव शिंदे यांनीं राजीनामा दिला. दैवाची गति अशी कीं, ता. ३० सप्टेंबर २००१ रोजीं उत्तर प्रदेशांत मैनपुरीजवळ एका लहान खासगी विमानाच्याच अपघातांत इतर सात जणांसह त्यांचा अंत झाला.

आतां चौकशी करणारांकडे वळूं. २०१२ सालीं विमान अपघात अन्वेषण ब्यूरो स्थापन झाला, ही सुधारणाच होय. कारण त्यापूर्वीं परवाने देणारें महासंचालनालयच बहुधा चौकशीही करी. पण ब्यूरो व महासंचालनालय हीं दोन्ही एकाच मंत्रालयाच्या छायेखालीं आहेत. आपल्याच खटल्यांत कोणीं न्यायाधीश होऊं नये, हें तत्त्व आम्ही कायद्याच्या पहिल्याच वर्गांत शिकतों. अमेरिकेनें आपलें चौकशी मंडळ १९७५ सालीं वाहतूक खात्यापासून पूर्णपणें वेगळें केलें, तें याच तत्त्वास धरून. विमानविद्येचे जाणकार खात्यांतच असतात, असा यावर आक्षेप निघेल. तो खरा धरला तरी जाणकार खात्यांतून घेण्यास हरकत नाहीं. त्यांची बढती व बदली खात्याच्या हातीं नसावी, इतकेंच आमचें मागणें आहे. १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून अमलांत आला. कायदा नवा झाला. तपासणारा व तपासला जाणारा मात्र एकाच छपराखालीं राहिले.

अपघाताची चौकशी दोष लादण्यासाठीं नसून पुढील अपघात टाळण्यासाठीं आहे, हा आंतरराष्ट्रीय दंडक भारतास मान्य आहे. अंतिम अहवाल शक्यतों बारा महिन्यांत निघावा, अशीही त्यांतच अपेक्षा आहे. म्हणून आमच्या मागण्या थोड्या व स्पष्ट आहेत. ब्यूरोनें संसदेस उत्तर द्यावें. प्रत्येक अहवालांत, मग तो लहानांत लहान विमानाचा कां असेना, उड्डाणाचा निर्णय कोणीं घेतला हें नमूद व्हावें. अहवालांतील शिफारशींपैकीं किती अमलांत आल्या, याचा ताळेबंद दरवर्षीं लोकांपुढें मांडला जावा.

बीड जिल्ह्यांत प्रवासी विमानतळ नाहीं, तेव्हां या उठाठेवीशीं आपला काय संबंध, असें आमच्या व्यापारी बंधूंस वाटेल. घाटकोपरच्या त्या पादचाऱ्यानें विमानाचें तिकीट काढलें नव्हतें. बीड रस्त्यावरच्या त्या लॉरीसही विमानाशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. ती बाजारचा माल वाहत होती. व्यापारी वर्षाअखेर हिशेब तपासून घेतो तो परक्या तपासनिसाकडून, स्वतःच्या मुनिमाकडून नव्हे. तोच साधा नियम माणसांच्या जिवांच्या हिशेबास लागू करावा, हें आपल्या खासदारांस विचारण्याचा हक्क तिकीट न काढणारांसही आहे. आणि तो बजावणें हें त्यांचें कर्तव्यही आहे.