थंडीत निक्कोला निघताना

मैत्रिणींनो, हल्ली कितीतरी जणींची भावंडं, मुलं जपानात नोकरीला असतात. नाताळच्या सुटीत त्यांच्याकडे जाणं झालं, तर टोकियोहून एक दिवस निक्कोसाठी काढाच. माझ्या शाळेला सुटी लागली तेव्हा आम्ही भावोजींकडे गेलो होतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून ‘एवढ्या थंडीत त्यांना कशाला?’ असं घरात सगळ्यांचं मत पडलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. आदल्या रात्री बघते तर त्यांनी आपले लोकरी मोजे पिशवीत भरून ठेवलेले! विषयच संपला.

असाकुसाहून जलद गाडीनं दोन तासांत निक्को येतं. हिवाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, तोशोगू हे मुख्य देवस्थान चारला बंद होतं आणि अंधारही लवकर पडतो. तेव्हा सकाळची पहिली गाडी गाठा. गाभाऱ्याकडे जाताना बूट काढावे लागतात आणि लाकडी जमीन बर्फासारखी गार असते. मोजे जाड हवेत, बूट चटकन निघणारे. दुकानात ‘काइरो’ नावाच्या उबेच्या पुड्या मिळतात, त्या कपड्यांवरून चिकटवायच्या, अंगाला नाही. खाण्याचं म्हणाल तर दशम्या आणि चटणी बरोबर असू द्या. इथला ‘युबा’ म्हणजे सोयाबीनच्या दुधावर धरलेली साय. छान लागते, पण रश्शात बहुधा माशाचा अर्क असतो, तेव्हा विचारूनच घ्यावा.

तोशोगू हे शोगुन तोकुगावा इएयासूचं देवस्थान. ते १६१७ साली झालं आणि त्याच्या नातवानं १६३६ साली भव्य करून घेतलं. तोंड, कान, डोळे झाकणारी तीन माकडं आपल्याला गांधीजींमुळे ठाऊक. ती इथल्या तबेल्यावर कोरलेली आहेत. पण तिथे चित्रं आठ आहेत, बरं का! पहिल्यात माकडीण कपाळाशी हात धरून पिल्लाच्या पुढच्या आयुष्याकडे बघते आहे. त्या चित्रापुढून माझा पाय निघेना. योमेइमोन दरवाज्यावर पाचशेहून जास्त कोरीव आकृती आहेत आणि बारांपैकी एका खांबाची नक्षी मुद्दाम उलटी केली आहे. काम पुरं झालं की उतरती कळा लागते, म्हणून. ‘म्हणजे गालबोटच की!’ सासूबाई म्हणाल्या.

झोपलेल्या मांजराच्या कोरीव कामापलीकडे इएयासूच्या समाधीकडे जाणाऱ्या २०७ दगडी पायऱ्या आहेत. सहलीत अशा ठिकाणी पिशव्या सांभाळत खाली कोण बसतं, ते तुम्हांला सांगायला नकोच. मी पिशव्या घेऊन टेकणार, तोच सासूबाई ह्यांना म्हणाल्या, ‘तू बस माझ्यापाशी. हिला जाऊ दे वर.’ हे आधी माझ्याकडे बघतच राहिले, मग मुकाट्यानं बसले. मुलं पुढे पळाली. देवदारासारखी उंच झाडं, कठड्यावर बर्फ, वर काशाची समाधी. मी दहा मिनिटं नुसती उभी होते. कुणी हाक मारली नाही.

मुलांना बर्फ हवा होता, म्हणून दुपारी बसनं चुझेन्जी तळ्याकडे गेलो. इरोहाझाकाच्या घाटात जायचा आणि यायचा रस्ता वेगळा, मिळून ४८ वळणं. गाडी लागत असेल तर आवळकाठी तोंडात धरा. वर १२६९ मीटरवर वारा असा, की बोलवत नाही. पण केगोनचा ९७ मीटरचा धबधबा पाहायला लिफ्टनं खाली जाता येतं, गुडघ्यांना मुळीच त्रास नाही. बाजूच्या बारीक धारा गोठून निळसर झाल्या होत्या. सासूबाई कठड्याला धरून बराच वेळ पाहत होत्या. आम्ही कुणी घाई केली नाही.

गुडघे फारच दुखत असतील तर मात्र देवस्थान किंवा तळं, एकच काहीतरी ठरवा. परतीच्या गाडीच्या जागा सकाळीच राखून ठेवा. आमच्याकडे तर गाडी सुटायच्या आत मुलं झोपली होती.