आधी यादी, मग कंत्राटदार

"सिव्हिलला आहेस ना, मग तूच बघ," बाबा म्हणाले. गेल्या मे महिन्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं होतं. मी काय बघितलं? सर्वांत कमी आकडा! कंत्राटदाराने विचारलं, "कोबा नवा की नुसती डागडुजी?" मी पडले कॉन्व्हेंटची. कोबा म्हणजे काय हे विचारायची लाज वाटली, मान डोलावली. निम्म्याहून जास्त पैसे आधीच दिले, कागदावर काहीच नाही. जुलैत आजीच्या पलंगाशेजारी बादली आणि हा फोन उचलेना!

मित्रांनो, क्युरिंग किमान ७ दिवस, हे आपण पेपरात घडाघडा लिहितो. कंत्राटदाराला सांगताना मात्र जीभ रेटत नाही. माझ्या मते चूक एकट्या त्याची नाही. काय हवंय ते आपणच लिहिलं नाही, तर दर ताडून बघणार कशाशी? मोजमाप स्वतः घ्या. तिघांना एकच यादी द्या. त्याने आधी केलेल्या गच्चीखाली पावसाळा कसा गेला, हे त्या घरात जाऊन विचारा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. शेवटचा हप्ता, गच्चीवर ४८ तास पाणी साठवून खाली ओल आली नाही तरच.

दिवाळीनंतर पुन्हा काम काढतोय. यादी मी केलीय, मराठीत. कोब्याचा अर्थ आजीनेच सांगितला.